आरोपीने बचाव मांडला नाही

पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने मला विचारलं आहे: "तुर्कस्तानच्या लैला झाना या कुर्दी खासदार बाईंना संसदेत मातृभाषेत एक वाक्य बोलल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा झाली, असं जिकडेतिकडे लिहिलेलं असतं. हे खरं का? एका वाक्याला एवढी शिक्षा कुठला कायदा देतो? आणि नवरा इतकी वर्षं तुरुंगात काढून आल्यावर सरकार बायकोच्याही मागे का लागतं?"

मी एकवीस वर्षं लंडनमध्ये राजकीय आश्रयाचे खटले चालवते. माझ्या कपाटातल्या बऱ्याच फायली तुर्कस्तानातून आलेल्या कुर्दी कुटुंबांच्या आहेत. झाना कुटुंबाशी माझा कामाचा संबंध कधी आला नाही. त्यांच्याबद्दल लिहिते ते निकालपत्रांतून आणि जाहीर नोंदींतून. बाकीचं माझ्या टेबलावर घडलेलं.

आधी सरळ उत्तर. निकालपत्रात त्या वाक्याला शिक्षा नाही. ज्या शपथविधीत त्या ते बोलल्या तो झाला ६ नोव्हेंबर १९९१ रोजी, शिक्षा झाली ८ डिसेंबर १९९४ रोजी, आणि ती सशस्त्र संघटनेचं सदस्यत्व या आरोपाखाली. शिवाय त्या कुर्दीत बोलल्या तेव्हा कुर्दीवरची बंदी कागदोपत्री उठलेली होती. १९८३ चा २९३२ क्रमांकाचा कायदा होता, त्यात 'कुर्दी' हा शब्द एकदाही येत नाही. तुर्कस्तानने मान्यता दिलेल्या देशांच्या पहिल्या अधिकृत भाषा सोडून इतर कोणत्याही भाषेत विचार मांडायला आणि पसरवायला मनाई, अशी त्याची रचना. इराकमध्ये कुर्दीला दुसऱ्या भाषेचं स्थान होतं, तेव्हा 'पहिल्या' हा शब्द किती मोजून मापून टाकला असेल बघा. त्याच कायद्यात पुढे एक वाक्य आहे: तुर्की नागरिकांची मातृभाषा तुर्की आहे. लक्षावधी आयांची भाषा एका ओळीत बदलून टाकली.

हा कायदा एप्रिल १९९१ मध्ये रद्द झाला. रद्द करणारा कायदा क्रमांक ३७१३, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा. त्यातल्या एका कलमाने भाषा मोकळी केली आणि कलम ८ ने राज्याच्या अखंडतेविरुद्धचा 'प्रचार' गुन्हा ठरवला, मग तो कोणत्याही पद्धतीने, कोणत्याही हेतूने केलेला असो. कुर्दीत गाणं म्हणा. पण आम्ही कुर्द आहोत आणि आमचं काही म्हणणं आहे, असं कोणत्याही भाषेत बोललात तर कलम ८ तयार. ते कलम २००३ साली गेलं. तोवर पत्रकार, प्रकाशक, वकील कितीतरी जण त्याखाली आत जाऊन आले.

मग 'एका वाक्याला पंधरा वर्षं' हे खोटं का? नाही. पण ते समजायला लैलाबाईंच्या आधी त्यांच्या नवऱ्याकडे जावं लागतं.

मेहदी झाना हे दियारबाकर प्रांतातल्या सिल्वानचे. कुर्दी माणूस या गावाला फारकीन म्हणतो. व्यवसायाने शिंपी. साठच्या दशकात ते तुर्कस्तानच्या कामगार पक्षात आले आणि १९७७ च्या डिसेंबरात अपक्ष म्हणून दियारबाकरचे महापौर झाले. कुर्दांच्या सगळ्यात मोठ्या शहराच्या खुर्चीवर एक शिंपी बसला, तोही कुणाचा टिळा न लावता. त्याआधी दोन वर्षं, १९७५ मध्ये, त्यांचं लग्न नात्यातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीशी झालं होतं. तिचं नाव लैला. तिने शाळा जेमतेम पाहिलेली, तुर्की येत नव्हती, आणि नवरा वीस वर्षांनी मोठा. स्वतःच्या लग्नाबद्दल तिला कुणी विचारलेलं नव्हतं. हेही मी मुद्दाम लिहिते, कारण या कुटुंबातला जुलूम सगळाच्या सगळा सरकारी होता असं दाखवणं अप्रामाणिकपणाचं होईल.

१२ सप्टेंबर १९८० रोजी लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच महिन्यात मेहदी झाना आत गेले. लैला तेव्हा एकोणीस वर्षांची, पदरात लहान मुलगा, दुसरं मूल पोटात.

दियारबाकरचा पाच नंबरचा लष्करी तुरुंग म्हणजे काय, ते आजही तिथले लोक आवाज खाली आणून सांगतात. १९८१ ते १९८४ या काळात तिथे किमान ३४ कैदी मेले. मारहाण, उपासमार, घाणीत बुडवणं, लष्करी कवनं पाठ म्हणून दाखवायला लावणं. भिंतीवर पाटी होती: तुर्की बोला, भरपूर बोला. मुलाखतीला आलेल्या नातेवाइकांनाही तोच नियम. ज्यांना फक्त कुर्दी येते अशा आया, बायका जाळीपलीकडच्या माणसाकडे नुसत्या बघत उभ्या राहायच्या. तोंडून कुर्दी शब्द गेला की मुलाखत संपली, आणि मग आत त्या कैद्याचं काय होणार हे बाहेर उभ्या असलेल्या बाईला ठाऊक असायचं.

इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली ही चूक आहे आणि ती माझीच आहे. सत्तरीच्या आसपासच्या एक आजी सुनेबरोबर आल्या होत्या. पासपोर्ट तुर्कस्तानचा, म्हणून मी तुर्की दुभाषा बोलावला. आजी प्रत्येक प्रश्नाला मान हलवून 'हो' म्हणत होत्या. तासाभरात माझा जबाब तयार. संध्याकाळी तो वाचताना लक्षात आलं, यात काही म्हणजे काही नाही. पुढच्या वेळी कुर्मांजी, म्हणजे तिकडची कुर्दी, बोलणारी दुभाषी आणली. नवऱ्याच्या तुरुंगातल्या मुलाखतींबद्दल विचारलं, तर इतका वेळ धडाधड कुर्मांजी बोलणाऱ्या आजी एकदम थांबल्या, पाठ ताठ केली आणि तुर्कीत म्हणाल्या, "नासल्सन? इयियिम." कसा आहेस? मी बरी आहे. एवढंच तुर्की त्यांना येत होतं. शेजारणीकडून पाठ करून घेतलं होतं, आणि कित्येक वर्षं महिन्याच्या महिन्याला त्या तेवढंच बोलून परत येत होत्या. घरात मूल वारलं तेव्हाही जाळीपाशी उभं राहून तेच दोन शब्द. दुभाषीने पेन खाली ठेवलं. त्या दिवसापासून माझ्या पहिल्या कागदावर नाव-पत्त्याच्या आधी 'भाषा' हा रकाना असतो.

लैला झाना अशाच एका जाळीपाशी उभ्या राहून मोठ्या झाल्या. नवऱ्याला पुढे पश्चिमेकडच्या तुरुंगांत हलवलं. दियारबाकरहून आयदन म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त अंतर, दोन पोरांना घेऊन, बसने. कैद्याला घरापासून लांब ठेवणं हा कुठल्याच निकालपत्रात न लिहिलेला शिक्षेचा भाग असतो, आणि तो भोगतो घरातला माणूस. पण याच फेऱ्यांत त्या तुर्की शिकल्या, शाळेच्या परीक्षा बाहेरून दिल्या, रांगेतल्या इतर बायकांचे अर्ज लिहायला लागल्या. रांगेत उभ्या असलेल्या बाईला हळूहळू कळतं की तिच्या पुढच्या बाईचीही हीच कथा आहे. माझ्याकडच्या फायलींत घरातली राजकीय बाई कुठे तयार झाली हे शोधायला गेलं, तर दहापैकी सात वेळा उत्तर तुरुंगाच्या दाराबाहेरची रांग हेच निघतं. १९८८ मध्ये दियारबाकरच्या तुरुंगाबाहेर जमलेल्या कुटुंबांवर पोलीस चालून आले. त्यात लैला झानांना अटक झाली, आणि कोठडीत छळ झाल्याचं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. सुटल्या त्या कार्यकर्त्या होऊनच. नंतर 'येनी उल्के' या साप्ताहिकाचं दियारबाकरचं काम त्यांनी पाहिलं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सरकार तिच्या मागे बायको म्हणून लागलं नाही. तिला बायको म्हणून इतकी वर्षं जे करायला लावलं, त्यातून जी बाई उभी राहिली, तिच्या मागे ते लागलं.

आता मेहदी झानांच्या खटल्याकडे या. कायद्याच्या विद्यार्थ्याने झाना म्हटलं की आधी हा वाचावा. ऑगस्ट १९८७ मध्ये तुरुंगातून त्यांनी पत्रकारांना मुलाखत दिली, ती 'जुम्हुरियेत' या दैनिकात आली. पीकेकेच्या (कुर्दिस्तान कामगार पक्ष ही सशस्त्र संघटना) राष्ट्रीय मुक्तिलढ्याला माझा पाठिंबा आहे, हत्याकांडांना मात्र नाही, अशा अर्थाचं ते बोलले. पण त्याला जोडून हेही म्हणाले की चुका सगळ्यांकडून होतात आणि बायका-मुलं मारली जातात ती चुकून. पीकेकेचा सशस्त्र लढा १९८४ मध्ये सुरू झाला होता, त्या दिवसांत आग्नेय भागात गावकऱ्यांची कत्तल होत होती. ते वाक्य मला पटत नाही. मेलेल्या लेकरांच्या आयांना 'चुकून' हा शब्द सांगता येत नाही.

या मुलाखतीवर खटला भरला. मेहदी झाना आयदनच्या तुरुंगात, खटला दियारबाकरच्या राज्य सुरक्षा न्यायालयात. म्हणून जून १९९० मध्ये त्यांचा जबाब आयदनच्या कोर्टाने घ्यायचा असं ठरलं. ते उभे राहिले आणि कुर्दीत म्हणाले, मला माझ्या मातृभाषेत बचाव करायचा आहे. कोर्टाने बजावलं: बोलायला नकार देत राहिलात तर बचावाचा हक्क सोडला असं धरू. ते कुर्दीतच बोलत राहिले. मग कोर्टाने नोंद केली की आरोपीने कोणताही बचाव मांडला नाही.

ही नोंद मी कितीदा वाचली असेल. एक माणूस भरकोर्टात उभा राहून बोलतो आहे, सगळ्यांना ऐकू जातं आहे, आणि कागदावर उतरतं की तो गप्प होता. कुर्दी प्रश्न म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी नकाशा काढत नाही, ही ओळ वाचून दाखवते. मार्च १९९१ मध्ये दियारबाकरच्या न्यायालयाने त्यांना बारा महिन्यांची शिक्षा दिली. त्या सुनावणीला त्यांना हजर केलेलंच नव्हतं.

प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी निकाल आला. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला नाही, असं १२ विरुद्ध ८ मतांनी ठरलं. त्या दिवसांतला हिंसाचार आणि बोलणाऱ्याचं वजन पाहता ते शब्द आगीत तेल ओतू शकत होते, असं बहुमताचं म्हणणं. मात्र शिक्षा देणाऱ्या कोर्टापुढे हजर न करणं आणि खटला रेंगाळत ठेवणं यात न्याय्य सुनावणीच्या हक्काचा भंग झाला, हे मान्य झालं. मानवी हक्कांवर लिहिणारे बरेच जण निकालाचा पहिला भाग गाळतात. तुम्ही गाळू नका. आपल्या माणसाच्या विरोधात गेलेला निकाल लपवला की उरलेल्या अर्ध्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही, हे मी न्यायाधिकरणापुढे दरवर्षी बघते.

१९९१ मध्ये मेहदी सुटले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लैला खासदार झाल्या. तुर्कस्तानच्या संसदेत निवडून गेलेली पहिली कुर्दी स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. शपथेच्या दिवशी केसांना लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांची फीत होती; हे कुर्दांचे रंग. 'महान तुर्की राष्ट्रापुढे' घ्यायची ती शपथ त्यांनी तुर्कीत पूर्ण वाचली आणि शेवटी कुर्दीत एकच वाक्य जोडलं, की तुर्की आणि कुर्दी जनतेच्या बंधुभावासाठी मी ही शपथ घेते आहे. सभागृह उसळलं. बाकं वाजली, 'दहशतवादी' म्हणून ओरडा झाला. वाक्य काय होतं हे ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना कळलं असेल? भाषा कळली, तेवढं पुरलं.

पुढची तीन वर्षं भयानक होती. कुर्दी पक्षाचे दियारबाकरचे अध्यक्ष वेदात आयदन यांना शपथविधीच्या आधीच, जुलै १९९१ मध्ये, घरातून उचलून मारून टाकलं होतं. सप्टेंबर १९९३ मध्ये खासदार मेहमेत सिनजार यांना बातमान शहरात गोळ्या घातल्या. पक्षावर बंदी, नवा पक्ष, पुन्हा बंदी. २ मार्च १९९४ रोजी संसदेने कुर्दी खासदारांचं खटल्यापासूनचं संसदीय संरक्षण काढून घेतलं. हातिप दिजले आणि ओर्हान दोआन यांना पोलिसांनी संसदेच्या दारातच धरून गाडीत कोंबलं. लैला झाना इमारतीतच थांबल्या. दोन दिवसांनी त्यांनाही नेलं.

सरकारी पक्षाने मागितलं होतं कलम १२५, म्हणजे फाशी. निकालाच्या अगदी दिवशी कोर्टाने आरोप बदलून कलम १६८, म्हणजे सशस्त्र संघटनेचं सदस्यत्व, लावलं आणि नव्या आरोपावर तयारीला वेळ मागितला तो दिला नाही. पीठावर एक लष्करी न्यायाधीश. ज्यांच्या साक्षींवर भिस्त होती त्या साक्षीदारांची उलटतपासणी नाही. लैला झाना धरून चौघा खासदारांना पंधरा-पंधरा वर्षं. या तिन्ही गोष्टींवरून स्ट्रासबर्गने १७ जुलै २००१ रोजी ठरवलं की हा खटला न्याय्य नव्हता. पुढच्या वर्षी दुसऱ्या निकालात खासदारकी काढून घेणंही चुकीचं ठरलं. दरम्यान युरोपीय संसदेने मानवी हक्कांसाठीचा १९९५ चा साखारोव पुरस्कार दिला, तो लैला झानांनी स्वतः हातात घेतला २००४ मध्ये, सुटून आल्यावर. ९ जून २००४ रोजी त्या बाहेर आल्या, आणि त्याच दिवशी तुर्की सरकारी वाहिनीवर पहिल्यांदा कुर्मांजीतला कार्यक्रम लागला. मेहदी झाना मधल्या काळात पुन्हा आत जाऊन आले होते, या वेळी युरोपीय संसदेपुढे साक्ष दिल्याबद्दल. आई आत, बाप कधी आत कधी परदेशात, आणि मुलं त्या दोन दारांच्या मधे वाढली.

तर मग निकालपत्रात नसलेलं ते वाक्य शिक्षेत कुठे होतं? सगळीकडे. त्या दिवसापासून त्यांची प्रत्येक सभा, प्रत्येक मुलाखत, प्रत्येक भेट 'ती बाई' म्हणून मोजली गेली. कायद्याला वाक्याची शिक्षा देता येत नव्हती, म्हणून बोलणाऱ्या बाईला बसेल असं कलम शोधलं.

नामवंत कुटुंबांचं निदान नोंदलं जातं. माझ्याकडे येणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा रेशनकार्डासारख्या साध्या कागदांत असतं. मुलीचं नाव ठेवलं तर त्यात डब्ल्यू, क्यू किंवा एक्स अक्षर आहे, तुर्की लिपीत ती नाहीत, म्हणून नोंदणी नाही. घरात एक नाव, शाळेत दुसरं. गावाचं नाव सरकारने बदललेलं, त्यामुळे आजोबा सांगतात ते गाव नकाशावर सापडत नाही आणि इथल्या ब्रिटिश गृहखात्याचा अधिकारी विचारतो, तुम्ही नक्की तिथलेच का? नव्वदच्या दशकात तर गावच राहिलं नाही. सरकारची बंदूक घेऊन गावरक्षक व्हा किंवा गाव सोडा, असा पर्याय दिला जायचा. तुर्की संसदेच्याच समितीने १९९८ मध्ये ९०५ गावं आणि २,५२३ वाड्या रिकाम्या झाल्याचं मांडलं, माणसं ३,७८,३३५. २००६ मध्ये हाजेत्तेपे विद्यापीठाच्या अभ्यासाने विस्थापितांचा आकडा साडेनऊ लाख ते बारा लाख असा काढला. गाव जळाल्याचा दाखला कोण देणार? ज्यांनी जाळलं त्यांच्याकडेच मागायचा.

आणि हा इतिहास झाला असं समजू नका. २०१० मध्ये दियारबाकरच्या एका मोठ्या खटल्यात आरोपी कुर्दीत बोलले तेव्हा नोंद झाली 'अज्ञात भाषा', आणि माईक बंद केले गेले. २०१३ मध्ये मातृभाषेत बचावाची मुभा आली, दुभाष्याचा खर्च आरोपीने करायचा या अटीवर. शिंपी महापौरांच्या त्याच खुर्चीवरून २०१६ मध्ये गुल्तान कशानाक यांना उचललं. तरुणपणी त्याही त्याच पाच नंबरच्या तुरुंगात होत्या. २०१९ मध्ये पुढच्या निवडून आलेल्या महापौरांना काढलं. दोन्ही वेळा जागेवर सरकारी प्रशासक. लैला झाना २०१५ मध्ये पुन्हा निवडून आल्या. शपथेआधी त्यांनी सन्मानाच्या, टिकाऊ शांततेची आशा कुर्दीत बोलून दाखवली आणि 'तुर्की राष्ट्र' ऐवजी 'तुर्किये राष्ट्र' म्हटलं. एका शब्दाचा फरक: वंशाच्या जागी देशाचं नाव. शपथ बाद धरली, आणि जानेवारी २०१८ मध्ये खासदारकी रद्द झाली.

त्या आजींच्या जबाबाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडे सही घेण्याआधी सगळा जबाब अशिलाला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. दुभाषी वाचत होती, आजी डोळे मिटून ऐकत होत्या. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला. गावाचं नाव मी पासपोर्टवरचं, तुर्की लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, हे कुठलं गाव? मी त्यांना गावाचं त्यांच्या भाषेतलं नाव विचारलं, दुभाषीने ते माझ्या वहीत अक्षर अक्षर लिहून दिलं, आणि मी तीन पानं पुन्हा टाइप केली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचन झालं. सही होईपर्यंत सहा वाजले होते.